दिव्याचा होल्डर घरच्या घरी सुरक्षितपणे कसा बदलावा

दिव्याचा होल्डर बदलणे हे घरातील विजेच्या कामांपैकी बहुधा सर्वांत लहान काम आहे. दोन तारा, दोन-चार स्क्रू आणि एक टोपण एवढाच त्याचा पसारा असतो आणि हात बसलेला वायरमन ते दहा मिनिटांत उरकतो. परंतु याच कामात माणसांना जीवघेणे शॉक बसतात, कारण बटण बंद केले म्हणजे तारेतील वीज गेली असे आपण सहज गृहीत धरतो. खान्देशातील घरांत तर असे गृहीत धरणे विशेष धोक्याचे आहे. येथील जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांतले वायरिंग अनेकदा टप्प्याटप्प्याने, निरनिराळ्या हातांनी झालेले असते आणि भारनियमनाच्या अनुभवामुळे इन्व्हर्टर गावोगावी पोहोचला आहे. म्हणून या लेखात होल्डर जोडण्याच्या कृतीपेक्षा वीज खरोखर बंद झाल्याची खात्री कशी करावी, यालाच अधिक जागा दिली आहे. ज्यांनी आजवर टेस्टर हातात धरलेला नाही, त्यांनी आधी संपूर्ण लेख वाचावा आणि मगच स्टुलावर चढावे.

आपल्या घरात येणारा पुरवठा २३० व्होल्टचा असतो. त्यावर चालणारा ९ वॉटचा एलईडी दिवा साधारण ४० मिलिॲम्पिअर प्रवाह घेतो आणि एवढाच प्रवाह काही क्षण माणसाच्या छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. दिव्यांच्या सर्किटवर साधारणपणे ६ किंवा १० ॲम्पिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह त्याहून फार वाढल्यास आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, असतो. त्यामुळे माणूस तारेला चिकटून राहिला तरी एमसीबीच्या लेखी काहीच बिघडलेले नसते आणि एमसीबी पडत नाही. एमसीबी तारांना वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह जमिनीकडे गळताच वीज तोडणारा स्विच, लागतो आणि जुन्या घरांत तो बहुधा बसवलेलाच नसतो. असला तरी, फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) अशा दोन्ही तारा एकाच वेळी हातात आल्यास त्यालाही वेगळे काही जाणवत नाही. कोणत्याही उपकरणाच्या भरवशावर जिवंत तारेला हात लावू नये, हे यावरून स्पष्ट व्हावे.

हे काम आपण स्वतः करावे की नाही, असा प्रश्न काहींना पडेल. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील ४५व्या नियमाने विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याची अट घातली होती. मात्र जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि तत्सम घरगुती वस्तू बदलण्याला त्या अटीतून सूट होती. पुढे २०१० मध्ये आलेल्या विनियमांतही ही सूट कायम राहिली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जुन्या होल्डरच्या जागी तसाच नवा होल्डर बसवणे घरमालकाच्या आवाक्यातील काम आहे. नवा पॉइंट काढणे किंवा नवी तार ओढणे मात्र वायरमनचेच काम आहे.

दोष होल्डरचाच आहे का?

दिवा लागत नाही म्हणून लगेच होल्डर खोलू नये. आधी त्याच खोलीत चालू असलेला दुसरा दिवा त्या होल्डरमध्ये लावून पाहावा आणि बंद पडलेला दिवा दुसऱ्या होल्डरमध्ये तपासावा. दोन मिनिटांच्या या अदलाबदलीत निम्म्या तक्रारी मिटतात. चांगला दिवाही लागत नसेल, लुकलुकत असेल, किंवा हाताने किंचित हलवल्यावरच लागत असेल, तर दोष होल्डरमध्ये, बटणात किंवा मधल्या तारेत आहे. बटण दाबताना ते ढिले लागत असेल किंवा त्यातून चर्रचर्र आवाज येत असेल, तर आधी बटणाकडे पाहावे.

होल्डर निकामी होण्याची कारणे ठरलेली आहेत. पिनांच्या होल्डरमध्ये दोन पितळी पिना स्प्रिंगच्या जोरावर दिव्याच्या बुडाला टेकलेल्या असतात. पूर्वीचे ६० आणि १०० वॉटचे तापणारे दिवे वर्षानुवर्षे वापरल्याने या स्प्रिंगांचा जोर जातो, पिना आत रुतून बसतात आणि टेकण्याच्या जागी बारीक ठिणग्या पडू लागतात. ठिणगीने पिन काळी पडते, काळी पिन अधिक तापते आणि अखेरीस आजूबाजूचे बेकलाइटही तडकते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तापलेल्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली असलेल्या होल्डरला आधीच सोसावी लागणारी उष्णता बरीच असते. श्रावणात कानबाईच्या उत्सवाआधी घराला चुना किंवा रंग दिला जातो, त्या वेळी ब्रशचा रंग होल्डरच्या तोंडातून आत जाऊन पिनांवर वाळतो आणि दिवा लुकलुकू लागतो, हेही एक कारण लक्षात ठेवावे. रंग देताना होल्डरच्या तोंडावर कागद बांधला, तर ही वेळच येत नाही.

बटण बंद केल्यानंतरही एलईडी दिवा अंधुक उजळत राहतो, अशी तक्रार अलीकडे पुष्कळ ऐकू येते. तो होल्डरचा दोष नव्हे. बटणामध्ये लहान लाल इंडिकेटर असेल, तर त्यातून झिरपणाऱ्या प्रवाहाने असे होते. परंतु इंडिकेटर नसेल, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसवले असल्याची दाट शंका घ्यावी. अशा जोडणीत बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत फेज पोहोचलेला असतो. दिवा विझतो, तार मात्र जिवंत राहते.

नवा होल्डर निवडताना

ज्यात दिवा दाबून फिरवला जातो तो पिनांचा होल्डर, ज्याला बी-२२ म्हणतात. ज्यात दिवा आट्यांवर फिरवत बसवला जातो तो ई-२७. जुना ज्या प्रकारचा असेल त्याच प्रकारचा नवा आणावा. त्याशिवाय भिंतीवर किंवा छतावर सपाट बसणारा बॅटन होल्डर, भिंतीतून तिरका निघणारा अँगल होल्डर आणि तारेवर लटकणारा पेंडंट होल्डर असे आकाराचे भेद आहेत. नेमके नाव सांगता येत नसेल, तर मोबाइलवर जुन्या होल्डरचे छायाचित्र काढून दुकानदाराला दाखवावे, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही.

पिनांच्या होल्डरसाठी भारतीय मानक आयएस १२५८ आहे. होल्डरवर आयएसआय चिन्हासह हा क्रमांक आहे का, हे पाहूनच घ्यावे. आठवडी बाजारात ढिगाने विकले जाणारे पातळ प्लास्टिकचे होल्डर दिसायला सारखेच असतात, परंतु त्यांतील पिना पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असू शकतात आणि आतील स्क्रू दोनदा आवळला की त्याचे आटे जातात. होल्डर हातात घेऊन दोन्ही पिना अंगठ्याने दाबाव्यात. दोन्ही सारख्याच जोराने परत वर आल्या पाहिजेत. लोहचुंबक जवळ असल्यास तोही लावून पाहावा, पितळ त्याला चिकटत नाही. माझ्या मते येथे दहा-वीस रुपये वाचवण्यात काहीच शहाणपण नाही, कारण हा होल्डर पुढची अनेक वर्षे छताला राहणार आहे आणि त्यातील ढिला स्क्रू कोणाच्याही नजरेस पडणार नाही. न्हाणीघर, गोठा किंवा पावसाची झड येणारा ओटा अशा ओलाव्याच्या जागी उघडा होल्डर न लावता झाकण असलेले बंद फिटिंगच घ्यावे.

अवजारांत एक चांगला टेस्टर, दांड्यावर आवरण असलेला स्क्रू ड्रायव्हर, मुठींना आवरण असलेली पक्कड, तार सोलण्याचे स्ट्रिपर, इन्सुलेशन टेप आणि उजेडासाठी बॅटरी (टॉर्च) एवढे पुरते. व्होल्टेज आकड्यांत दाखवणारा मल्टिमीटर असल्यास फारच उत्तम.

वीज बंद करणे

काम दिवसाउजेडी आणि शक्यतो सकाळी करावे. उन्हाळ्यात दुपारच्या वेळी छताजवळ उभे राहिल्यावर हात घामाने ओले होतात आणि ओल्या त्वचेतून प्रवाह फार सहज शिरतो.

सर्वप्रथम खोलीतील त्या दिव्याचे बटण बंद करावे. त्यानंतर मेन स्विच बंद करावा. नव्या घरांत तो दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा, एमसीबी किंवा आयसोलेटर असतो, तर जुन्या घरांत लोखंडी पेटीतील दांड्याचा मेन स्विच आणि त्याशेजारी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतात. किटकॅट असल्यास मेन बंद केल्यानंतर तो ओढून काढावा आणि सरळ स्वतःच्या खिशात ठेवावा, म्हणजे आपल्याला न विचारता तो कोणी परत बसवू शकत नाही. एमसीबी असल्यास त्याच्या खटक्यावर चिकटपट्टी लावून 'काम चालू आहे, हात लावू नये' असे लिहावे. घरातील प्रत्येकाला, विशेषतः शेतातून किंवा कामावरून मधूनच परतणाऱ्या माणसाला, हे तोंडी सांगावे; घरात पाऊल टाकताच लाइट नाही म्हणून थेट मेनकडे जाण्याची सवय बहुतेकांना असते. महावितरणने सील केलेल्या मीटरला आणि त्याआधीच्या कटआउटला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तारेवरील फ्यूजला, मात्र कधीही हात लावू नये.

आता इन्व्हर्टर. ज्या घरात तो आहे, तेथे दिव्यांचे आणि पंख्यांचे सर्किट त्याच्या आउटपुटवर जोडलेले असते. आपण मेन बंद केला की इन्व्हर्टरच्या दृष्टीने लाइट गेलेली असते आणि त्याच क्षणी तो बॅटरीवरून २३० व्होल्ट पुरवू लागतो. म्हणजे ज्या कृतीने आपण वीज बंद केली असे समजतो, तीच कृती इन्व्हर्टरला चालू करते. केवळ इन्व्हर्टरचे पुढचे बटण बंद करणेही पुरेसे नाही, कारण मेन चालू असेल तर बहुतेक इन्व्हर्टर बाहेरची वीज तशीच पुढे जाऊ देतात. म्हणून मेन बंद, इन्व्हर्टरचे बटण बंद आणि त्याची भिंतीतील पिन काढलेली, या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या पाहिजेत. इन्व्हर्टरचे आउटपुट स्वतंत्र पिनेने जोडलेले असल्यास तीही काढून ठेवावी. छतावर सोलर बसवलेले असून त्याला बॅटरी जोडलेली असेल, तर तेथेही हाच विचार लागू होतो. ती यंत्रणा बंद कशी करायची हे ज्याने बसवली त्याच्याकडून समजून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

भारनियमनाच्या वेळेत 'आत्ता लाइट नाहीच, तेवढ्यात होल्डर बदलून घेऊ' असा विचार मुळीच करू नये. फीडर, म्हणजे गावाला वीज पुरवणारी लाइन, केव्हा चालू होईल ते आपल्या हातात नसते, आणि तेवढ्या वेळात मेन बंद करण्याचे कोणाला सुचलेलेही नसते.

आणखी एक गोष्ट खान्देशातील वाड्यांत आणि वाटण्या झालेल्या घरांत आवर्जून तपासावी लागते. भावांत घर विभागले जाते, मीटर दोन होतात, परंतु मधल्या भिंतीवरचे किंवा ओसरीतले दिवे जुन्याच तारांवर राहतात. अशा वेळी आपल्या हिश्श्याच्या खोलीतील होल्डरला पलीकडच्या घराच्या मीटरवरून वीज येत असते आणि आपला मेन बंद केल्याने तिला काहीच फरक पडत नाही. असे वायरिंग बाहेरून ओळखता येत नाही. ते टेस्टरनेच कळते.

टेस्टरवर विश्वास किती ठेवावा

निऑनचा टेस्टर स्वस्त आणि उपयोगी आहे, पण त्याची भाषा समजून घ्यावी लागते. त्याचे टोक फेजला लागले आणि आपले बोट त्याच्या मागच्या धातूच्या टोपीला टेकले, की आपल्या शरीरातून अतिशय सूक्ष्म प्रवाह जमिनीकडे जातो आणि आतला निऑन लाल-केशरी उजळतो. म्हणूनच बोट टोपीला नीट लागलेले नसेल, आतील रेझिस्टन्स खराब झाला असेल, किंवा आपण कोरड्या लाकडी घडवंचीवर रबरी चपला घालून उभे असू, तर फेज असूनही टेस्टर लागत नाही किंवा इतका मंद लागतो की उन्हाच्या प्रकाशात दिसत नाही. टेस्टर लागला तर वीज नक्की आहे असे मानावे. तो लागला नाही म्हणजे वीज नक्की नाही, असे मात्र मानता येत नाही.

यावर वायरमन मंडळींची एक सोपी शिस्त आहे, ती जशीच्या तशी पाळावी. मेन बंद करण्याआधी, चालू असलेल्या प्लगच्या फेजच्या भोकात टेस्टर घालून तो लागतो हे पाहावे. मग वीज बंद करून होल्डरच्या दोन्ही तारांना आणि तेथे असलेल्या प्रत्येक स्क्रूला टेस्टर लावावा. दुसऱ्या तळहाताची सावली त्याच्या काचेवर धरावी. ही तपासणी दोनदा करावी, एकदा दिव्याचे बटण बंद ठेवून आणि एकदा खाली उभ्या माणसाला ते चालू करायला सांगून. काम संपल्यावर, वीज परत चालू केल्यानंतर, तोच टेस्टर पुन्हा प्लगमध्ये लावून तो मध्येच बिघडला नव्हता ना, हेही पाहावे. मल्टिमीटर असल्यास तो एसी व्होल्टच्या ७५० च्या किंवा त्याच्या जवळच्या पट्ट्यावर ठेवावा आणि दोन तारांमधील, तसेच प्रत्येक तार आणि अर्थिंग यांमधील व्होल्टेज मोजावे. सर्व ठिकाणी शून्य किंवा शून्याच्या जवळपास आकडा आला पाहिजे.

वीज बंद केल्यानंतरही एखाद्या तारेवर टेस्टर ठळक लागत असेल, तर ती वीज कोठून येते हे शोधून काढेपर्यंत काम थांबवावे. टोपण परत लावावे, खाली उतरावे आणि वायरमनला बोलवावे. येथे धीटपणा दाखवण्यासारखे काही नाही.

जुना होल्डर उतरवणे

चढण्यासाठी लाकडी स्टूल, घडवंची किंवा लाकडी घोडी घ्यावी. लोखंडी खाट, ॲल्युमिनियमची शिडी आणि बुड वाकणारी प्लास्टिकची खुर्ची घेऊ नये. पायात कोरड्या रबरी चपला असाव्यात. सारवलेली किंवा नुकतीच पुसलेली ओली जमीन असल्यास ती वाळेपर्यंत थांबावे. खाली एक समजदार माणूस उभा असावा आणि त्याला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. पहिली म्हणजे, शॉक लागलाच तर त्याने आपल्याला हाताने ओढू नये. आधी वीज जेथून येत असेल तेथून तोडावी आणि ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने आपल्याला तारेपासून दूर करावे. दुसरी म्हणजे, माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास चालत नसेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलावून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. शॉक लागलेला माणूस उठून बसला, तरी त्याला दवाखान्यात दाखवून आणावे.

दिवा थंड झाल्यावर काढावा. काच फुटून दिव्याचे बूड होल्डरमध्येच अडकले असेल, तर वीज बंद असल्याची खात्री झाल्यानंतर ते पक्कडीने धरून दाबत फिरवावे. डोळ्यांवर चष्मा असावा. मग होल्डरचे टोपण फिरवून उघडावे. आतले स्क्रू दिसताच कशालाही बोट लावण्यापूर्वी वर सांगितलेली टेस्टरची तपासणी करावी आणि मोबाइलवर एक स्पष्ट छायाचित्र घ्यावे. कोणती तार कोणत्या स्क्रूला होती, याचा वाद नंतर त्या छायाचित्रावरच मिटतो.

चोपडा तालुक्यातील एका धाब्याच्या घरात मी असा एक होल्डर उघडलेला जवळून पाहिला आहे. सरावर (छताच्या लाकडी तुळईवर) ठोकलेल्या लाकडी गट्टूवर, म्हणजे ठोकळ्यावर, तो काळ्या बेकलाइटचा होल्डर होता. टोपण फिरवताच आतून धाब्याची बारीक पिवळसर माती खाली सांडली. एका पिनेभोवतीचे बेकलाइट राखी पडून फुगले होते. लाल तारेचे आवरण होल्डरपासून दोन बोटे अंतरापर्यंत तपकिरी झाले होते आणि नखाने किंचित दाबताच ते भाजलेल्या बिबडीसारखे (ज्वारीच्या पापडासारखे) तुटले. आतले तांबेही काळवंडलेले निघाले. ते घर चाळीस वॉटच्या दिव्यावरून एलईडीवर कधीच गेले होते, पण जुन्या उष्णतेची खूण तारेत राहिली होती. होल्डर बदलताना तारेचे शेवटचे टोक का तपासावे, हे तेथे उघड दिसत होते.

स्क्रू ढिले करून तारा सोडवाव्यात. एकाच स्क्रूखाली दोन तारा असतील, तर त्यांपैकी एक पुढच्या पॉइंटकडे गेलेली असते. त्या दोन्ही एकत्रच ठेवाव्यात, त्यांच्यावर टेपचा एक वेढा द्यावा आणि नव्या होल्डरमध्येही त्या एकाच स्क्रूखाली बसवाव्यात. त्या वेगळ्या केल्या, तर हा दिवा लागेल पण शेजारच्या खोलीतला दिवा बंद पडेल. तिसरी हिरवी तार असेल, तर ती अर्थिंगची असते. प्लास्टिकच्या होल्डरला तिची गरज नसते, म्हणून तिच्या टोकावर टेप गुंडाळून ती मागे दुमडून ठेवावी, ती कापू नये. धातूच्या फिटिंगमध्ये मात्र ती अर्थिंगच्या स्क्रूला जोडलीच पाहिजे.

रंगांचा संकेत असा की लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. हा संकेत नव्या घरांत बहुधा पाळलेला असतो. जुन्या घरांत मात्र ज्या रंगाची तार शिल्लक होती तीच वापरलेली आढळते, म्हणून रंगावरून निष्कर्ष काढू नये.

नवा होल्डर बसवणे

तारेचे जळालेले किंवा काळे पडलेले टोक कापून टाकावे आणि चमकदार तांबे लागेपर्यंत मागे यावे. त्यानंतर सुमारे ८ ते १० मिलिमीटर आवरण सोलावे. ब्लेडने सोलताना तांब्याच्या काही बारीक तारा तुटतात आणि उरलेल्या तारांवर सगळा भार येतो, म्हणून स्ट्रिपरच वापरणे चांगले. अनेक बारीक तारांची वायर असेल, तर त्या घड्याळाच्या दिशेने पिळून एकजीव कराव्यात; वायर फारच बारीक असल्यास टोक एकदा दुमडून जाड करावे. कापल्यानंतर तार होल्डरपर्यंत पुरत नसेल, तर ताणून जोडू नये आणि पीळ मारून त्यावर टेप गुंडाळण्यावर भागवूही नये. तेथे स्क्रूचा कनेक्टर लावावा लागतो.

होल्डरचे बूड आधी गट्टूवर किंवा राउंड ब्लॉकवर पक्के बसवावे. लाकूड भुसभुशीत झाले असेल, किंवा मातीच्या भिंतीत स्क्रूसाठी ठोकलेली लाकडी गिट्टी हलत असेल, तर होल्डर कितीही चांगला असला तरी दिवा बदलताना सगळे हातात येईल. त्यामुळे गट्टूही याच वेळी बदलून घ्यावा. तारा बुडाच्या मधल्या भोकातून बाहेर आणताना धारेवर घासल्या जाऊ नयेत.

पिनांच्या होल्डरमध्ये फेज आणि न्यूट्रल कोणत्याही पिनेला लावले तरी दिवा सारखाच लागतो. आट्यांच्या होल्डरमध्ये तसे चालत नाही. तेथे फेज बुडाच्या मधल्या पत्तीला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना जोडणे अत्यावश्यक आहे. हे उलट झाले, तर दिवा बसवताना ज्या धातूच्या भागाला बोट लागण्याची सर्वाधिक शक्यता असते, तोच भाग जिवंत होतो आणि दिवा तरीही व्यवस्थित लागत असल्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. फेज कोणती हे वीज बंद असताना कळत नाही. त्यासाठी सोडवलेल्या दोन्ही तारांची टोके एकमेकांपासून आणि भिंतीपासून दूर ठेवून, खाली उतरून वीज थोडा वेळ चालू करावी, बटण चालू ठेवून टेस्टरच्या टोकाने फेज ओळखावा, आणि वीज पुन्हा बंद करून सर्व तपासण्या पहिल्यापासून कराव्यात. उघड्या जिवंत टोकाशी जाण्याचा हा प्रसंग नवख्या माणसाने टाळावा असेच मी सुचवेन. आट्यांचा होल्डर असेल आणि जुन्या जोडणीबद्दल शंका असेल, तर तेवढे काम वायरमनकडून करून घ्यावे.

तार स्क्रूखाली घालताना ती स्क्रू आवळण्याच्या दिशेने वळवावी, म्हणजे आवळताना आत ओढली जाते. स्क्रू घट्ट आवळावा आणि मग प्रत्येक तार चिमटीत धरून हलकेच ओढून पाहावी. तार जरासुद्धा सरकली, तर स्क्रू पुन्हा आवळावा, कारण ढिला स्क्रू म्हणजेच पुढची ठिणगी. उघडे तांबे स्क्रूच्या बाहेर दिसू नये. एखादी केसाएवढी तार बाजूला निसटून दुसऱ्या स्क्रूकडे गेलेली नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. सगळे ठीक असल्यास टोपण लावावे.

वीज पुन्हा चालू करताना

दिवा बसवावा, दिव्याचे बटण बंद ठेवावे, स्टुलावरून खाली उतरावे आणि अवजारे बाजूला घ्यावीत. किटकॅट असल्यास तो मेन बंद असतानाच परत बसवावा. मग मेन चालू करावा, त्यानंतर इन्व्हर्टर, आणि सर्वांत शेवटी खोलीतील बटण. फ्यूज उडाला किंवा एमसीबी पडला, तर तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये. होल्डरमध्ये दोन तारांचा एकमेकींशी स्पर्श झालेला असतो, तो वीज बंद करून शोधावा. आरसीसीबी पडला, तर तार ओल्या भिंतीला किंवा अर्थिंगला लागत आहे असे समजावे. फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार घालून वेळ मारून नेण्याचा उपाय गावात सर्रास सांगितला जातो. त्याने फ्यूज उडायचा थांबतो आणि छतातील तार जळू लागते.

दिवा अर्धा तास चालू ठेवावा, मग सर्व वीज पूर्वीप्रमाणे बंद करून होल्डरच्या बाहेरच्या भागाला हात लावून पाहावा. एलईडी दिव्यावर तो फार तर कोमट असावा. चटका बसण्याइतका तापला असेल किंवा जळकट वास येत असेल, तर आतला स्क्रू ढिला राहिला आहे.

काही घरांत होल्डर उघडल्यावर हे काम आपले नव्हे असे लगेच दिसते. तारेचे आवरण कितीही मागे गेले तरी चुरतच असेल, तर त्या पाइपातील किंवा लाकडी पट्टीवरील सगळी तार बदलावी लागते. तार पांढुरकी, मऊ आणि वाकवताच तुटणारी असेल, तर ती ॲल्युमिनियमची आहे. तिला तांब्याची तार पीळ मारून जोडू नये. पावसाळ्यात धाबे पाझरून होल्डरजवळची भिंत ओलसर राहत असेल, किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ती खोली बंद करून त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. बटण न्यूट्रलवर असल्याची शंका असेल, तर तेही त्याला स्पष्ट सांगावे, कारण नुसता होल्डर बदलून घेतला तर बोर्डाची पेटी उघडून पाहण्याचे त्याला कारण पडत नाही. त्याला बोलावलेच आहे, तर कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा आणि इन्व्हर्टरवर कोणकोणते पॉइंट आहेत, हे त्याच्यासमोरच तपासून घ्यावे आणि मेन बोर्डाच्या दाराच्या आतील बाजूस ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.